आधी मालोजीचं दार

वरंधला शिमग्यात देवीची पालखी आधी मालोजीच्या दारात उतरे, मग शेजारी हैबतीच्या. दोघे भाऊबंद; त्यांचे आजे सख्खे भाऊ, असं सगळे मानत. आज्यांपासून जमीन निम्मीनिम्मी, पण पालखीचा पहिला मान थोरल्या घराचा. मालोजीच्या अंगणात पालखी नाचू लागली की हैबती धुसफुसत आत जाई. खरा थोरला आपलाच आजा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

अठ्ठावन्न साली, शिमग्याच्या तोंडावर, त्यानं महाडच्या कचेरीतून जमिनीच्या जुन्या कागदाची नक्कल काढली. मोडी त्याला कुठली वाचता यायला! कचेरीबाहेर अर्ज लिहीत बसणाऱ्या मुरादचाचांपुढे त्यानं ती ठेवली.

चाचांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"हैबती, तुझा आजा या घराण्यात जन्मलेलाच नाय. उमरठचं पोरकं पोर. मालोजीच्या आज्यानं त्याला धाकटा भाऊ मानून निम्मी जमीन लिहून दिलीय."

हैबतीनं कागद ओढून घेतला. "मालोजीला कळलं तर?"

"त्यानं सात वर्षांमागं हाच कागद माझ्याकडून वाचून घेतला. म्हणाला, हैबतीला कळू देऊ नका. आता तूच कागद घेऊन आलास, म्हणून बोललो."

हैबती उन्हात तसाच उभा राहिला. सात शिमगे मालोजी त्याला हाताला धरून पालखीला खांदा द्यायला बोलवत होता, आणि हा तोंड फिरवत होता.

मेल्यानं गावभर बोंब मारली असती तर काय बिघडलं असतं? निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.