एवाल्डची शेवटची फेरी

एवाल्ड ड्रायव्हर आणि आर्नो शंटर. जर्मनीतल्या वेझर नदीकाठच्या त्या रेल्वे यार्डात ही दोन नावं कुणी वेगळी घेतच नसे. एवाल्ड लाल इंजिनाच्या केबिनमध्ये, आर्नो खाली रुळांशेजारी, मालगाडीच्या वाघिणी म्हणजे डबे जोडत-सोडवत. आर्नोने हात हलवला की वाघिणी मागे सरकत, हात वर केला की जागच्या जागी उभ्या. त्या घरघरीत बोलणं ऐकू कुठे येतंय! बोलायचं ते जेवणाच्या सुट्टीत, काळ्या पावाला लिव्हर सॉसेज फासता फासता, आणि ते बहुतेक शिव्यांतच.

इंजिनावर एवाल्डचा भारी जीव. वाफेच्या म्हाताऱ्या धुडांना घरी बसवायला पन्नासच्या दशकात अशी इंजिनं शेकड्यांनी बांधली. पोटात बारा सिलिंडरांचं डिझेल, पण चाकांना दांडे मात्र वाफेच्या इंजिनासारखेच. चाकांच्या जोड्या तीन, म्हणून सगळे त्याला 'तिपाई' म्हणत. डिझेलची ताकद तेलाच्या दाबाने चाकांपर्यंत पोचायची, त्यामुळे बाटल्यांनी भरलेली वाघीणसुद्धा ते धक्का न देता ढकलायचं. आणि नाक केबिनपेक्षा बुटकं. ते का, तर ड्रायव्हरला शंटर दिसावा म्हणून. "शंटर दिसेनासा झाला की थांबायचं, बाकी नियम गेले चुलीत," असं एवाल्ड म्हणायचा.

अठ्ठ्याऐंशी साली ही दिसण्याची भानगडच मिटवणारी पेटी आली. रिमोटची पेटी. शंटरने ती गळ्यात अडकवायची आणि खालूनच इंजिन चालवायचं, म्हणजे दोघांचं काम एकट्याचं झालं. यार्डाचे साहेब श्टेगेमान म्हणाले, "दोघांपैकी एकाने शिकून घ्या. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा."

झालं! त्या संध्याकाळी गुत्त्यावर एवाल्डने बिअरचा ग्लास आपटला. "मी काय शेंगदाणे विकणारा आहे, गळ्यात पेटी अडकवायला? आर्नो, मी हात लावणार नाही आणि तूही लावायचा नाहीस. दोघंही अडून बसलो तर काय करतील?"

"नाही लावणार," आर्नो म्हणाला आणि त्याने हातात हात दिला.

घरी त्याची बायको ट्राउडे वाटच बघत होती. "एवाल्डचं काय जातंय? त्याची पेन्शन आलीच जवळ. तू अजून पंचेचाळिशीचा नाहीस. तू काय मैत्रीवर लोणी लावून खाणार?"

तिचं चूक नव्हतं हो. दुसऱ्या दिवशी आर्नोने एवाल्डला सरळ सांगायला हवं होतं, बाबा रे, मला शिकावं लागेल. एवाल्डने आठवडाभर लाखोली वाहिली असती आणि मग विसरला असता, तसाच होता तो. पण आर्नोचा सगळा जन्म वेळ मारून नेण्यात गेलेला. मेहुणीकडे जातो म्हणून त्याने रजा घेतली आणि शेजारच्या शहरातल्या यार्डात शिकायला गेला.

तिथे पेटी गळ्यात घालून तो वाघिणी मागे घेत होता. रुळांचा शेवट जवळ आला. थांबवायला पेटीवरची कळ ओढायची, एवढंच. आर्नोने काय करावं? हात वर केला! केबिन रिकामी आणि हा तिकडे बघत, हात ताठ करून उभा. वाघिणी आल्या तशा आल्या आणि रुळांच्या टोकाच्या लोखंडी आडकाठीवर, बफरवर, धाडदिशी आदळल्या. फार काही मोडलं नाही. पण शिकवणारा पोट धरून हसला. "कुणाला हात करतोस रे? आत तुझा आजोबा बसलाय?"

रेल्वेवाल्यांच्या तोंडाला कुलूप कुठलं! आर्नो परत यायच्या आधी ही गंमत कँटीनमध्ये पोचली होती. सगळे खदखदले. एवाल्ड तेवढा हसला नाही, त्याने कॉफी अर्धी ठेवली आणि उठून गेला.

आर्नोने दुसऱ्याच दिवशी केबिनखाली जाऊन तोंड उघडलं. "एवाल्ड, ऐक तरी..."

"हात कर," एवाल्ड वरून म्हणाला. "तुझ्या हाताचं मला कळतं. तोंडाचं कळेनासं झालंय."

मग त्याने वेळेआधीच निवृत्ती मागितली. तोवर दोघं काम करत राहिले, आणि काम तर पहिल्यासारखंच बिनचूक. नुसते हात बोलायचे.

शेवटच्या फेरीची तिथली रीत ठरलेली. धुक्यात ड्रायव्हरला सावध करायला रुळावर चाकाखाली वाजणारे फटाके बसवतात, तेच जाणाऱ्याच्या वाटेत लावायचे आणि त्यावरून त्याने इंजिन न्यायचं. लावायचे ते त्याच्या जोडीदाराने. दुसऱ्या कुणी लावले तर तो अपमान.

आर्नोने फटाके मागून घेतले. पण चोराच्या मनात चांदणं! आवाज झाला की एवाल्डला वाटेल, 'गेला एकदाचा' म्हणून हा खुशीत वाजवतोय. लावू की नको, लावू की नको, असं करत तो रुळाशी उभा राहिला. तोवर इंजिन दिसलं. यार्डातल्या पोरांनी इंजिनाच्या नाकावर फर झाडाच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं होतं. सगळे आर्नोकडे बघत होते. एवाल्ड इतका हळू येत होता की शेजारून चालणारा माणूस पुढे गेला असता. इंजिन आर्नोसमोरून गेलं, शेडपर्यंत गेलं. कुठे काही वाजलं नाही.

एवाल्ड खाली उतरला आणि सगळ्यांना हात देत देत आर्नोपाशी आला.

"किती हळू आणलं, बघितलंस ना?"

"हो."

"तुला वेळ मिळावा म्हणून. वाटलं होतं, लावशील."

आर्नोने खिशावर हात ठेवला. "खिशात आहेत रे. मला वाटलं, तुला राग येईल."

"आला असता. आणि गेलाही असता." एवाल्डने टोपी काढून घाम पुसला. "खिशातले वाजत नाहीत, आर्नो."

तो सायकल घेऊन फाटकाकडे चालू लागला. आर्नोला हाक मारायची होती. तीही त्याने मारली नाही.