सुनेचं पान माझ्या पानाखाली

घरातल्या सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात. बियाण्याच्या कपाटाची, शेडनेटच्या दाराची, मोटरीच्या पेटीची. त्यामुळे सुनेनं, हर्षानं, आपल्या रोपवाटिकेची वेबसाइट काढू म्हटलं तेव्हा मी पहिली गोष्ट हीच विचारली, की याची किल्ली कोणाजवळ राहील?

शहरात, राजापेठेत, नितेश म्हणून एकजण ऑफिस थाटून बसला आहे, दुकानदारांच्या वेबसाइट बांधून देतो. तो हसला. म्हणाला, "काकू, याले किल्ली नसते. पासवर्ड असते."

"तेच ते. मले दे."

दिला बिचाऱ्यानं. हर्षाला वेगळा, मला वेगळा. माझ्या नावापुढे त्यानं लिहिलं "मालक", हर्षाच्या नावापुढे "संपादक". संपादकानं लिहायचं, मालकाला वाट्टेल ते करता येतं. माझी शाळा चौथीपर्यंतच. पण मालक हा शब्द वाचायला चौथी पुरते.

आमची रोपवाटिका अंजनगाव बारीच्या रस्त्यावर. मिरची, वांगी, टमाटे, कोबी यांची रोपं ट्रेमध्ये तयार करून विकतो. माझे मालक वारले तेव्हा मुलगा योगेश सहावीत होता. मी एकटीनं हे उभं केलं. गिऱ्हाईक रोप घेऊन जाताना माझ्यापुढे उभं राहायचं. "काकू, किती दिवसानं लावू? काकू, मिरचीच्या पानाले चुरडा-मुरडा येऊ नये म्हनून काय करू?" मी आधी दोन शिव्या द्यायची, मग सांगायची. धारणीकडून जीपनं येणारे लोकसुद्धा शिव्या खाऊन खूश होऊन जायचे.

हर्षानं काय केलं, तर प्रत्येक ट्रेला एक कार्ड लावलं. त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. मोबाइल त्याच्यावर धरला की वेबसाइटचं पान उघडतं, त्या रोपाची सगळी काळजी लिहिलेली. कल्पना चांगली होती, आज म्हणते. तेव्हा नाही म्हटलं. कारण दोन महिन्यांत गिऱ्हाइकं माझ्यापुढे उभी राहायची बंद झाली. मी सांगायला तोंड उघडलं की, "राहू द्या काकू, कार्डावर पाहून घेतो." अन् चालले.

संगणक उघडून आत जायला मी नितेशकडून शिकून घेतलं होतं. डाव्या हाताला सगळ्या पानांची यादी येते. एखाद्या पानावर बोट ठेवलं की बाजूला त्याची व्यवस्था दिसते. पानाचं नाव काय, ते कोणाला दिसावं, कितव्या नंबरावर यावं, अन् कोणत्या पानाच्या खाली असावं. मराठीत लिहून दिलं होतं त्यानं सगळं. सावकाश वाचलं की मला समजायचं. फक्त नाव अन् वरची एखादी ओळ वाचून मी पुढे जायची, एवढं मोठं पान कोण वाचत बसतं.

तो रविवार होता. योगेश अन् हर्षा लग्नाला गेले होते. मी आत गेले. यादीत सगळ्यात वर हर्षाचं पान, "मिरची रोपाची काळजी". पाहणारे अकराशे चाळीस. त्याच्या खाली तीन पानं सोडून माझं, "आमच्या माणिकबाई", माझा हिरव्या लुगड्यातला फोटो. पाहणारे एकोणीस.

एकोणीस. त्यातले सहा-सात वेळा तर मीच पाहिलं होतं.

मी हर्षाच्या पानावर बोट ठेवलं. बाजूला लिहिलं होतं, "कोणत्या पानाखाली: कोणत्याही नाही." म्हणजे बाईसाहेब कोणाच्याच खाली नाहीत. मी त्या जागी माझं पान निवडलं. जतन केलं. मिरचीचं पान जरा आत सरकून माझ्या नावाखाली जाऊन बसलं. घरात सासू असताना सून पहिल्या पाटावर बसते का? आता ज्याला मिरची पाहिजे तो माझ्या दारातून जाईल, असं मला वाटलं. मी चहा केला अन् दोन पाव खाल्ले. इतकं बरं वाटलं होतं.

मंगळवारी अकोल्यात कृषी प्रदर्शन होतं. हर्षाला स्टेजवर दहा मिनिटं बोलायला बोलावलं होतं, कार्डाची ही रीत शेतकऱ्यांना दाखवायला. शनिवारी तिनं कार्ड दहा वेळा तपासून पाहिलं होतं. सोमवार ट्रे बांधण्यातच गेला. प्रदर्शनाला बाळापूरहून तिचे वडील आले होते, वामनराव, माझे ईवाई. इस्त्रीचा सदरा घालून, गावातली सात माणसं सोबत घेऊन. मला पाहून हात जोडले. "ईनबाई, पोरगी बोलून राहिली आज. रात्रभर झोप नाही मले."

मी म्हटलं, "बोलनं तर येतेच तिले. काम किती येते ते पाहू."

मंडपात शंभरावर माणूस असेल. हर्षा चांगली बोलली. मग म्हणाली, "आता तुमच्या हातातल्या कार्डावर मोबाइल धरा." सगळ्यांनी धरले. तिच्या मागच्या मोठ्या पडद्यावरही तेच उघडणार होतं. उघडलं. पांढऱ्या पडद्यावर एक ओळ.

हे पान सापडले नाही.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, बकरीनं खाल्लं काय पान?" मंडप हसला. हर्षा मोबाइल चाळत उभी, कानाच्या पाळ्या लाल. "एक मिनिट, एक मिनिट" एवढंच म्हणत होती.

तिथं मी गप बसले असते तरी चाललं असतं. मी पहिल्या रांगेत उभी राहिले. मला माईक लागत नाही.

"तरी मी म्हनत होती! तोंडानं सांगितलेलं शेतकऱ्याले समजत नाही का? पन नाही, हिले मोबाइल पायजे. अर्धवट कामं! माहेरी काम पुरं करायले कोनी शिकवलंच नाही, तर अजून काय होनार?"

लोक आणखी हसले. खोटं कशाला लिहू, ते हसणं मला गोड लागलं. कितीतरी दिवसांनी माणसं पुन्हा माझ्याकडे पाहत होती.

मग माझी नजर वामनरावांवर गेली. ते मांडीवरचा दुपट्टा घडी करत होते. एक घडी, दोन घड्या, तीन घड्या. आणखी लहान होईना तेव्हा उठले अन् सोबतच्या सात माणसांकडे न पाहता मंडपाबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितेशचा फोन आला, माझ्याच मोबाइलवर.

"काकू, पान कालच जागेवर आनलं मी. पन एक विचारायचं होतं. रविवारी दुपारी तुमी आत गेल्या होत्या का?"

"कावून? काय झालं?"

"मिरचीचं पान तुमच्या पानाखाली गेलं होतं. पान हलवलं की त्याचा पत्ता बदलते, काकू. आपन घर बदललं अन् सगळ्याइजवळ पत्रिका जुन्या पत्त्याच्या, तसं झालं. कार्डावर जुना पत्ता छापला आहे ना."

मी शेडनेटच्या दारात उभी होते. आत हर्षा रोपांवर पाणी मारत होती.

"मी हलवलं ते तुले कोनी सांगितलं?"

"कोनी कशाले सांगते? तिथं लिहून येते. कोन, कोन्या दिवशी, किती वाजता."

मला घरात चोरी करताना धरल्यासारखं झालं. चोरानं तरी गयावया केली असती. मी म्हटलं, "कोनाले सांगितलं?"

"नाही अजून."

"मंग सांगू नको."

तो म्हणाला, "बरं." ते 'बरं' मी अजून विसरले नाही. त्यात नेहमीचं 'काकू' नव्हतं.

त्या दिवसापासून हर्षानं वेबसाइटला हात लावला नाही. योगेश म्हणाला, पान सुरू झालं, लाव कार्डं. ती म्हणाली, "राहू द्या. मले नाही जमत ते." कार्डांचा गठ्ठा खोक्यात घालून माळ्यावर टाकला. माझ्याशी वागणं मात्र तसंच, वेळेवर चहा, वेळेवर गोळी. फक्त बोलणं कामापुरतं.

गिऱ्हाइकं परत माझ्यापुढे उभी राहू लागली. "काकू, किती दिवसानं लावू?" जे पाहिजे होतं तेच मिळालं होतं. अन् मला सांगताना सुधरत नव्हतं. एकाला मी पंचवीस दिवस सांगितलं, त्याच ट्रेसाठी दुसऱ्याला तीस. शिव्याही येईनात. एक म्हातारा म्हणाला, "काकू, तब्येत बरी नाही का?"

दहाव्या दिवशी दुपारी मी संगणक उघडला. पान खरंच जागेवर आलं की नाही, एवढंच पाहायचं होतं. आलं होतं. पहिल्यांदाच मी ते वाचायला घेतलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. रोप लावायच्या आठ दिवस आधी पाणी कमी करा. माझं वाक्य. सकाळी ट्रे हलवून पाहा, रोप ताठ उभं राहिलं तर तयार. तेही माझंच. चुरडा-मुरड्यासाठी बांधावर मक्याच्या दोन ओळी लावा, ते तर मी तिला चुलीपाशी बसून सांगितलेलं. सगळं मीच बोललेलं, शिव्या तेवढ्या गाळलेल्या. वाचता वाचता तासभर गेला. अगदी शेवटी एक ओळ होती.

"ही सर्व माहिती माझ्या सासूबाई माणिकबाई यांच्या तीस वर्षांच्या अनुभवातून. मी फक्त लिहून घेतली. — हर्षा"

अकराशे चाळीस लोकांनी ते वाचलं होतं. मी सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगेशला म्हटलं, अकोल्याला काम आहे. एसटीनं अकोला, तिथून बाळापूर. वामनराव ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते. मला पाहून उठले, पाणी आणलं. मी तांब्याला हात लावला नाही. उभ्यानंच सांगितलं.

"ईवाई, त्या दिवशी ते पान मी हलवलं होतं. हर्षानं नाही. अन् त्यानंच ते उघडलं नाही, हे मले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. मी कोनाले सांगितलं नाही."

ते खाली बसले. भाजीची एक काडी तोडली.

"मले माहीत आहे."

"नितेश बोलला?"

"हर्षा. त्याच सांजेले फोन केला तिनं. कोनी हलवलं ते तिथं लिहून येते म्हने. म्हटलं, बाई, तू बोलू नको. तुझी सासू तोंडाची फाटकी आहे, पन लबाड नाही. येईल." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी आठ दिवस धरले होते, ईनबाई. तुमी अकरा लावले."

ज्या माणसाला मी शंभर लोकांत माहेराचा टोमणा मारला, तो अकरा दिवस घरी बसून माझ्या इमानाची हमी देत होता.

"माफी मागते," म्हटलं.

"मले मागून काय होते? मी एकटा थोडा होतो तिथं." एवढं बोलून त्यांनी तांब्या पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "पानी घ्या. उन्हातून आल्या."

पाणी प्यायले.

घरी आले तेव्हा तीन वाजले होते. हर्षा ट्रेमध्ये कोकोपीट, नारळाचा भुसा, भरत होती. मी तिच्यासमोर पोत्यावर बसले अन् जे वामनरावांना सांगितलं तेच तिला सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"आई, पान हलवल्याचं मले काही नाही. चुकून माझ्या हातानं बी हललं असतं. पन तुमी माह्या बाबाले..." तिनं ट्रे उचलला, दुसऱ्या जागी नेऊन ठेवला, परत आली. "सात माणसं आनली होती त्याइनं. बाबा आता गावात पारावर बसायले जात नाहीत."

मी मान खाली घातली. सासूनं सुनेपुढे मान खाली घातलेली आमच्या घराण्यात कोणी पाहिली नव्हती. तिनंही पाहिली नाही, कारण ती तिकडे तोंड करून डोळे पुसत होती.

मी म्हटलं, "त्या मिरचीच्या पानावर सगळ्यात वर चार ओळी टाकायच्या आहेत. मी सांगते, तू लिही."

"मी नाही लिहीत. मालक तुमी. तुमीच लिहा."

मग मीच बसले. एका बोटानं अक्षर शोधायला दिवेलागण झाली. दोनदा सगळं पुसलं गेलं. लिहिलं ते असं:

"अकोल्याच्या प्रदर्शनात हे पान उघडलं नाही. त्यात हर्षाची चूक नव्हती. मला मोठेपणा पाहिजे होता म्हणून मी पानाची जागा बदलली. वर तिलाच अन् तिच्या माहेराला बोलले. तिच्या वडिलांनी तिला काम पुरं करायला शिकवलं आहे. मला शिकायचं राहिलं. — माणिकबाई"

बाजूला विचारलं होतं, हे कोणाला दिसावं? फक्त मला, की सगळ्यांना? माझं बोट 'फक्त मला'वर बराच वेळ होतं, हेही लिहून ठेवते. मग 'सगळ्यांना' केलं. योगेश म्हणाला, "माय, गिऱ्हाइकाले काय करायचं हे?" मी म्हटलं, "मी बोलली ते बी गिऱ्हाइकासमोरच बोलली होती."

सकाळी पाहिलं तर माळ्यावरचं खोकं खाली होतं अन् मिरचीच्या ट्रेंना कार्डं लागली होती.

दहा वाजता धारणीकडचा एक शेतकरी जीपनं आला. चार ट्रे घेतले. तिथंच उभा राहून कार्डावर मोबाइल धरला अन् मोठ्यानं वाचायला लागला, शाळेतल्या पोरासारखा, एकेक शब्द. "...मला... मोठेपणा... पाहिजे... होता..." शेवटी नाव वाचलं, माझ्या लुगड्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"काकू, हे तुमीच का?"

हर्षा चार हातांच्या अंतरावर होती. ट्रेवर वाकलेली, पण हात थांबलेले.

"हो," म्हटलं. "मीच."

त्यानं उगाच टोपी नीट केली. म्हणाला, "मंग... किती दिवसानं लावू ही मिरची?"

सवयीनं तोंड उघडलं होतं. मिटलं.

"खाली लिहिलं आहे तिनं," मी म्हटलं. "शेवटपर्यंत वाच."