मेलेल्यांना कपडे कशाला?

त्या दिवशी सकाळपासून मायलेकींत एक शब्द नव्हता, आणि शिवणखात्यातल्या बायकांच्या ते लगेच लक्षात आलं. एरवी त्या दोघी गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेतच. आई काजाच्या मशीनवर, लेक कॉलरच्या मशीनवर, मध्ये दोन-तीन मशीनं, आणि त्या मशीनांच्या डोक्यावरून दिवसभर यांचं चालू: भाजीत मीठ जास्त कुणी टाकलं, नळ उघडा कुणी ठेवला. मधे बसणाऱ्या बायकांना त्यांच्या घरातलं भांडंन् भांडं पाठ होतं. आज मात्र अळीमिळी गुपचिळी.

आणि दिवसही कुठला, तर निवडीचा. वर्षाची मोठी ऑर्डर गेली की हा शर्टांचा कारखाना एक आठवडा फुकट शिवायचा. कापड मालकीणबाईंचं, हात बायकांचे. कुणासाठी शिवायचं ते बायकांनीच ठरवायचं. जिला एखादी संस्था सुचवायची असेल तिने कापायच्या टेबलापाशी उभं राहून सगळ्यांना सांगायचं, हीच का. मग एकेकीने पत्र्याच्या डब्यात बटण टाकायचं. मालकीणबाईंचा दंडक एकच. "दया येते म्हणून सांगू नका," त्या म्हणायच्या. "दया सगळ्यांचीच येते. आपल्या शिवण्याने तिथं नेमकं काय बदलेल ते सांगा."

यंदा दोघीजणी बोलणार होत्या. इस्त्रीवाल्या वहिनी पलीकडच्या वस्तीतल्या शाळेसाठी, आणि लेक बेवारस मेलेल्यांच्या संस्थेसाठी. रस्त्यावर, रुळांवर, नदीत माणसं सापडतात, त्यांना न्यायला कोणी येत नाही. ही संस्था त्यांना आंघोळ घालते, कपडे घालते, नीट फोटो काढून ठेवते, काही दिवस वाट बघते आणि मग निरोप देते.

तुम्ही म्हणाल, चांगलंच काम आहे की, यात आईने तोंड फुगवण्यासारखं काय? आहे. लेकीचा पाठचा भाऊ काही वर्षांपूर्वी कामाला जातो म्हणून बाहेर पडला तो आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही, कर्ज नाही, कुठली मुलगी नाही. सकाळचा चहा पिऊन गेला आणि गेला. तो येणार, असं आई म्हणायची. 'येईल' नाही हं, 'येणार'. त्यापायी तिने खोली बदलली नाही. खाली बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान, ॲसिडच्या वासाने डोळे चुरचुरायचे, घरमालक स्वतः सांगायचा की बाई, दुसरीकडे बघा. पण हिचं एकच पालुपद, "तो आला तर आपल्याला कुठं शोधेल?" लेकीला दुसऱ्या शहरात बरं काम मिळत होतं, आईपायी तिने त्यावरही पाणी सोडलं.

आदल्या संध्याकाळी लेकीने भीत भीत विषय काढला आणि आईने हातातलं ताट खाली ठेवलं.

"बेवारस म्हणजे काय कळतं का गं तुला? ज्यांचं कोणी नाही ते. माझ्या पोराला मी आहे."

"आई, मी त्याच्याबद्दल कुठं बोलतेय?"

"मग कुणाबद्दल बोलतेयस? मला काय दुधखुळी समजलीस? उद्या तू चारचौघांत उभी राहून हे बोललीस की सगळ्या म्हणणार, झालं, बहिणीने भावाला पोचवलं." आईचा आवाज चढला. "तुला त्याचं कधी काही वाटलंच नाही. एवढ्या वर्षांत एकदा तरी शोधायला गेलीस? रजा घेतेस ती दातांसाठी. ऊठसूट दातांचा डॉक्टर! एवढे दात असतात तरी का माणसाला?"

लेक ताटातला भात चिवडत राहिली.

"तू त्या टेबलापाशी गेलीस ना, तर मी मावशीकडे जाईन," आई म्हणाली. "आणि परत यायची नाही. सांगून ठेवते."

लेकीचे दात ठणठणीत होते. पोलिसांना तिने आपला नंबर देऊन ठेवला होता. भावाच्या वयाचं कोणी सापडलं की फोन यायचा, आणि ही दातांचं निमित्त करून जायची, बघायची, नाही म्हणायची आणि दुपारी मशीनवर येऊन बसायची. गाल धरून बसायची, म्हणजे कोणी बोलायला यायला नको. आईला हे कळलं तर तिचा धीर सुटेल, या एका भीतीने तिने तोंडाला कुलूप घातलं होतं. आणि आता तीच आई विचारत होती, एकदा तरी गेलीस का. अशा वेळी माणसाने काय करावं, सांगा! लेकीने ताटं उचलली आणि मोरीत जाऊन घासत बसली.

तर दुपारी मशीनं थांबली. सगळ्या टेबलाभोवती जमल्या. आई तेवढी जागची हलली नाही. काजाच्या मशीनवर हात ठेवून, पाठ ताठ करून बसून राहिली.

इस्त्रीवाल्या वहिनी आधी बोलल्या आणि झकास बोलल्या. वस्तीतली पोरं थंडीच्या दिवसांत शाळा बुडवतात, कारण घरात एकच शर्ट, धुतला की वाळत नाही. दुसरा शर्ट मिळाला की पोरगं शाळेत. "एवढं सोपं आहे बायांनो," वहिनी म्हणाल्या. "शर्ट द्या, पोरगं घ्या." सगळ्या हसल्या. मालकीणबाईंनी मान डोलावली.

मग लेक उठली. टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तिने आईकडे बघितलं नाही. संस्थेचं काम सांगितलं, कपडे कसे लागतात ते सांगितलं: समोरून साधा शर्टच दिसतो, पण पाठ उघडी आणि बांधायला नाड्या, कारण आखडलेल्या हातांत बाह्या घालता येत नाहीत. आता संस्थेकडे कपडे नाहीत, मिळेल त्या चादरीत गुंडाळावं लागतं.

"एक विचारू का?" कापणारे मास्तर म्हणाले. मास्तर मनाने वाईट नव्हेत, पण जिभेला हाड नाही. "जिवंत पोरं कुडकुडतायत आणि आपण मेलेल्यांना कपडे शिवायचे? मेलेल्यांना कपडे कशाला? त्यांना काय थंडी वाजते?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"मान म्हणून," लेक म्हणाली. "शेवटी माणूसच ना तो."

"मान ठीक आहे," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण प्रश्न मऊ नव्हता. "पण बदलेल काय? तू एवढंच सांग."

लेकीला उत्तर माहीत होतं. अगदी नेमकं माहीत होतं. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, आणि ते ऐकायला मागे आई बसली होती. लेकीने टेबलाची कड घट्ट धरली. आता बसावं खाली, तिला वाटलं. शाळेला मिळू दे. पोरं आहेत, चांगलंच आहे. आई घरी राहील. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

"बसवा तिला खाली," मागून आई म्हणाली. तिचा आवाज सगळ्या खात्यात ऐकू गेला. "ती काय सांगणार? तिने कधी जाऊन बघितलंय का काही? घरचा माणूस गेला तेव्हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही, आणि चाललीय परक्यांना कपडे घालायला!"

लेक वळली.

"बघितलंय, आई," ती म्हणाली. "माझे दात कधीच दुखत नव्हते."

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिचा हात मशीनवरून खाली आला.

आता लेकीला थांबता येईना. ती मालकीणबाईंकडे तोंड करून बोलत होती, पण सांगत होती ते आईला.

"पहिल्या खेपेला फोन आला तेव्हा मी एकटीच गेले. ज्या अवस्थेत सापडला तसाच ठेवला होता. चिखल, रक्त, फाटलेलं सगळं, वर गोणपाट. त्यांनी गोणपाट उचललं. तोंड बघायचं असतं हो, त्यासाठीच तर बोलावतात. पण डोळे जातच नाहीत तिकडे. मी कसंबसं अर्धं बघितलं, नाही म्हटलं आणि बाहेर पळाले. बाहेर ओकले." तिने हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं. "घरी आल्यावर मनात आलं, आपण नीट बघितलंच नाही. तोच असेल तर? परत जायला धीर होईना. गेले तोवर त्याला हलवला होता. फोटो दाखवला, त्यात चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. मी नाही म्हणून आले, आणि आजही मला माहीत नाही की मी कुणाला नाही म्हणून आले."

इस्त्रीवाल्या वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मास्तर हातातला खडू टेबलावर उगाचच घासत राहिले.

"गेल्या खेपेला या संस्थेत गेले. त्यांनी आंघोळ घातली होती. कुणीतरी आपला जुना शर्ट दिला होता, तो पाठीत उभा कापून अंगावर घातलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. केस विंचरलेले. मी जवळ गेले. कान बघितला, हनुवटी बघितली, हवा तेवढा वेळ उभी राहिले. नव्हता तो. पक्का नव्हता. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले." ती मास्तरांकडे वळली. "तुम्ही विचारलंत ना, मेलेल्यांना कपडे कशाला? त्यांना नकोत, मास्तर. बघायला येतो त्याला हवेत. तो पळून जाऊ नये म्हणून हवेत. मालकीणबाई, एवढंच बदलेल."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लेकीने मागे बघितलं तर आई दाराबाहेर पडत होती. मशीनचा दिवा तसाच जळत होता.

मग डबा फिरला. शाळेला पांढरं बटण, संस्थेला काळं. रडल्या सगळ्या, हो, एकजात सगळ्या रडल्या, पण डबा उपडा केला तेव्हा टेबलावर पांढऱ्यांचीच रास. पोरांची माया कुणाच्या पोटात नसते? त्या चुकल्या असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. मालकीणबाई लेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी परत बोल." लेकीने मान हलवली. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: हरले ते हरले, आणि आईपण गेली. तेलही गेलं, तूपही गेलं.

घरापर्यंतचा रस्ता तिने जवळजवळ पळतच काढला. बॅटरीवाल्याने हाक मारली तीसुद्धा ऐकली नाही. जिना चढली तर दार उघडं आणि दारातच भरलेली पिशवी. पिशवीला टेकून आई जमिनीवर बसलेली.

"आई, नको ना जाऊस."

"कितीदा गेलीस?" आईने विचारलं.

"मोजलं नाही."

"एकटीच?"

"हो."

आई ताडकन उठली आणि तिने लेकीच्या दंडावर एक फटका मारला, चांगला सणसणीत. मग दुसरा. "मला सांगता येत नव्हतं? मेली होते का मी? एवढी वर्षं मी तुला नाही नाही ते बोलले आणि तू ऐकून घेतलंस! तोंड नव्हतं तुला?" तिसऱ्या फटक्याला उचललेला हात तिने लेकीच्या पाठीवरून फिरवला आणि दोघी तिथंच दारात बसल्या. आई रडत नव्हती. लेकच रडत होती, लहान पोरीसारखी, नाक ओढत.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "तो पहिला. गोणपाटाखालचा." तिला पुढचं विचारवेना. तिने ओठ चावला आणि विचारलंच. "तो आपला होता का गं?"

"माहीत नाही, आई." लेकीने तिचे दोन्ही हात धरले. "देवाशप्पथ मला माहीत नाही. मी पळाले."

आता आई कोसळणार असं लेकीला वाटलं. इतकी वर्षं ज्याला भीत होती तो क्षण हाच. पण आई भिंतीकडे बघत बसून राहिली. खालच्या दुकानातला पंखा घरघरत होता. मग तिने पिशवी जवळ ओढली, गाठ सोडली आणि आतले कपडे एकेक करून मांडीवर काढायला लागली.

"आता फोन आला की मला सांगायचं," ती म्हणाली. "आत मी जाणार. तू बाहेर बसायचंस."

"तुला नाही बघवणार, आई. खरंच नाही बघवणार."

"नाही बघवलं तर नाही बघवलं. तू बहीण आहेस, तुला तोंड बघावं लागतं. मला नुसतं पाऊल दाखवलं तरी कळेल."