निळ्या साबणाचा निवाडा

वणीत साबण हा चेष्टेचा विषय नाही. पांढरा शर्ट घालून घरून निघालेला माणूस बसस्टँडवर पोचेपर्यंत त्याच्या कॉलरवर कोळशाची बारीक रेघ उमटलेली असते. आमचा शेजारी भीमराज तर जन्मभर कोळसा खाणीत डंपर चालवत होता. निवृत्तीनंतर माणसं शेत घेतात, भजनाला जातात किंवा सुनेशी भांडतात. भीमराजला सून नव्हती, एकुलती एक मुलगी होती. म्हणून त्याने घरी साबण करायला घेतला.

साबण करताना तो खाणीतलं हेल्मेट आणि गॉगल घालायचा. कास्टिक सोडा पाण्यात टाकला की वाफ येते, डोळ्याला इजा होते, हे खरंच आहे. पण हेल्मेट कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती.

त्याचा नियम एकच होता. रंग झाडाचा पाहिजे, दुकानाचा नाही. कडुनिंबाच्या पाल्याचा हिरवट साबण झाला. पळसाच्या फुलांचा भगवट झाला. मग हळद. हळद कास्टिकमध्ये पडली आणि कुंकवासारखी लाल झाली. डाळीचा डाग पडलेला शर्ट साबणाने धुताना हा प्रकार घरोघरी होतो, पण भीमराजने आयुष्यात डाळीचा डाग स्वतः धुतलेला नव्हता. तो हादरला. वड्या झाकून ठेवल्या. महिनाभरात लाली उतरत गेली आणि साबण पुन्हा पिवळा झाला. यातून भीमराजने एक सिद्धांत काढला.

"झाडाचा रंग पयले घाबरते," तो मला म्हणाला, "मंग आपल्या घरी वापस येते."

एका हळदीवर त्याने सगळ्या वनस्पतीसृष्टीची हमी घेतली.

त्यात मैत्रेयीचं लग्न ठरलं. मुलगी यवतमाळला नोकरीला, तिथेच ढाणकीकडच्या बंजारा तांड्यावरचा संजय. दोघांनी परस्पर जमवलं आणि घरच्यांना फक्त तारीख विचारली. संजयचे वडील पूनमसिंग हा मोठा दिलदार माणूस. एक ऐकायचं आणि चार सांगायचं, ही त्यांची सवय. साक्षगंधाला दोन्हीकडची माणसं वणीत जमली. भीमराजच्या हातात माइक आला. भीमजयंतीच्या मिरवणुकीत त्याने बरीच वर्षं माइक सांभाळला होता, त्यामुळे तो सहज परत जायचा नाही.

"लग्नात आलेल्या हरेक पाव्हण्याले," तो म्हणाला, "माह्या हातचा निया साबण भेटीन. निया आमच्या घरचा रंग हाये. कुंपणावरच्या गोकर्णाचं फूल, बाकी काई नाई. निया नाई झाला तं भीमराजचा शब्द खोटा."

निया म्हणजे निळा. टाळ्या पडल्या. पुरावा म्हणून त्याने सगळ्यांना गोकर्णाच्या फुलांचं निळंशार सरबत पाजलं. पूनमसिंगांनी दोन ग्लास घेतले आणि तांड्यावर जाऊन सांगितलं की आपल्या ईवायाने, म्हणजे व्याह्याने, जगात कुठे नसलेला साबण शोधलाय, अंगाला लावला की पाणीसुद्धा निळं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या कॉलनीतल्या गोकर्णाच्या वेलींवर एक फूल दिसेना. समोरच्या कांताबाई शनिवारी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भीमराजभाऊ, शनिदेवाले वाहाले एक फूल नाई ठेवलं तुमी."

"लग्न होऊ द्या, कांताबाई. शनीले साबण देतो."

"त्याले तेल लागते. साबण चालत नाई."

फुलं उकळली. पाणी असं निळं झालं की भीमराज बराच वेळ पातेल्यात नुसता पाहत बसला. मग त्याने हेल्मेट चढवलं आणि कास्टिक सोडलं. पाणी हिरवं झालं. मग पिवळं. मग तेलात मिसळल्यावर गढूळ. नदीला पूर येतो तेव्हा असतं तसं.

 त्याच्या पत्नी नलूवहिनी म्हणाल्या, "हे काय झालं जी?"

"घाबरला हाये. येईन वापस."

परत येण्याची सोय म्हणून त्याने वड्या कापून, आंबे पिकवायला घालतात तशा, तणसात घातल्या. वरून पोतं टाकलं. रोज सकाळी पोत्याखाली हात घालून एक वडी काढायची, उजेडात धरायची, हुंगायची आणि परत ठेवायची. पाड लागायची वाट पाहणं चाललं होतं. मधल्या काळात दुप्पट फुलं घालून आणखी एक घाणा काढला. तो दुप्पट गढूळ झाला.

लग्न तोंडावर आलं तेव्हा पोतं कायमचं बाजूला केलं. वड्या पिकल्या होत्या. रंग चहाचा होता, तोही दूध कमी घातलेला.

"दुकानातल्या नियीचे चार थेंब टाका पुढच्या घाण्यात," नलूवहिनी म्हणाल्या. "कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यलो ना."

"मंग गॉगल काढा."

तो हसला नाही. दोन दिवस जेवणही धड नव्हतं. निळा करावा तर झाडाचा नाही, आणि झाडाचा ठेवावा तर निळा नाही. शब्द दिला होता दोन्हीचा. शेवटी त्याने ठरवलं की माइकवर दिलेला शब्द माइकवरच परत घ्यायचा. आयुष्यात खोटं बोललो नाही, पोरीच्या लग्नात कशाला सुरुवात करू.

लग्नाच्या दिवशी लॉन भरलं होतं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत स्टेजवर बसले होते, लग्न लावणारे बौद्धाचार्य पाणी पीत होते. भीमराजने माइक घेतला.

"पाव्हणेहो, मी म्हणलं होतं, साबण निया होईन. नाई झाला. मातकट झाला. माहा शब्द खोटा पडला. माफी असावी."

एवढं बोलून त्याच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा आला, तो मी तणसाच्या दिवसांत पाहिला नव्हता. पण तो टिकला नाही. पूनमसिंग स्टेजवर चढले आणि त्यांनी माइक घेतला.

"आमचे ईवाई लय साधा माणूस," ते म्हणाले. "मोठेपणा घेत नाई. साबण निया हाये."

खाली तांड्यावरची सगळी माणसं बसली होती. हाच साबण पाहायला काही जण तर निमंत्रणाशिवाय आले होते. पूनमसिंगांना दुसरा इलाज नव्हता.

भीमराज चमकला. "ईवाई, नाई हाये निया."

"हाये."

"हे पाहा." भीमराजने एक वडी मांडवाच्या निळ्या कापडाला लावून धरली. "हा निया. अन् हा साबण. आता सांगा."

पूनमसिंगांनी वाकून पाहिलं. "कापड जास्त निया हाये. साबण कमी निया हाये. दोन्ही नियेच."

खालून तांड्यावरची दोन-तीन वयस्क माणसं म्हणाली, हो, बारीक पाहिलं तर दिसते निळा. पूनमसिंगांची इज्जत म्हणजे त्यांचीच इज्जत होती.

"तुमी मले खोटं पाडून राह्यले काय, ईवाई?" पूनमसिंग माइक बाजूला धरून म्हणाले. तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमाले नाई. मी मलेच खोटं पाडून राह्यलो. तुमी मंधात काहून येता?"

मैत्रेयी स्टेजवरून म्हणाली, "बाबा, आधी आमचं उरकू द्या." तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. बौद्धाचार्यांनी दुसरा ग्लास मागवला.

वरमाय लालीबाई आणि नलूवहिनी पहिल्या रांगेत शेजारीशेजारी बसल्या होत्या. लालीबाई म्हणाल्या, "ईनबाई, हे असं मिटत नसते. नायकाले बोलवा."

तांड्यावरचा तंटा नायकासमोर जातो आणि नायकाचा शब्द दोघांना मानावा लागतो, ही जुनी रीत. नायक देवसिंग मागे जेवणाच्या बाजूला वांग्याची भाजी कशी झालीय ते पाहत होते. त्यांना आणलं. दोन्ही पक्षांनी बाजू मांडली. नायकांनी बादलीभर पाणी मागवलं. वडी घेतली आणि हात धुतले. मग कोपरापर्यंत धुतले. मग तोंड, मान, कानामागे. नलूवहिनी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. 

"फेस चांगला हाये," नायक म्हणाले.

"रंग, नायक," भीमराज म्हणाला.

"रंगाची घाई करू नये. लग्न लावा. रंगाचा निवाडा दिवाळीले, तांड्यावर. तवलग पुरावा माह्यापाशी."

दोघांनी मान खाली घातली. लग्न लागलं. पाहुण्यांना एकेक वडी मिळाली, आणि उरलेली खोकी पुरावा म्हणून नायकांच्या जीपमध्ये गेली.

दिवाळीला भीमराज आणि नलूवहिनी तांड्यावर गेले. निवाडा झाला नाही. नायकांच्या घरी माणसं बरीच, पुरावा निम्म्यावर आला होता. संक्रांतीला पुढची तारीख पडली. तेव्हा नायकांनी सांगितलं की त्यांची बायको सोनीबाईला आता दुकानातल्या साबणाचा जाई-जुईचा वास नको, हाच साबण पाहिजे. आता पुरावा संपला, सबब वादी भीमराजने अगदी तसाच नवा पुरावा तयार करून हजर करावा, त्याशिवाय खटला चालायचा नाही.

दोन्ही व्याही यामुळे अजिबात नाराज नाहीत. तारखेला भेटतात, जेवतात, निळा आहे, नाही आहे, यावर संध्याकाळ करतात. पूनमसिंग अजून एक पाऊल मागे सरकलेले नाहीत.

परवा भीमराज नवा घाणा घालत होता. कांताबाईंच्या कुंपणावरची फुलं त्यांनी स्वतःच आणून दिली होती, बदल्यात किती वड्या ते आधी ठरवून. मला कुठेतरी कळलं होतं, ते मी त्याला सांगितलं. नीळ नावाचं झुडूप असतं, त्याच्या पानांचा रंग कास्टिकमध्येही हलत नाही, साबण शेवटपर्यंत निळा राहतो. झाडाचा रंग, दुकानाचा नाही. त्याला पाहिजे होतं ते हेच.

भीमराजने गॉगल वर केला. उठून दार लोटून घेतलं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "हे कोनाले सांगू नका. निया निंघाला तं खटला हारलो ना मी."