जमुनाची डावखुरी गिटार

माणिकबाई मुलाकडे नागपूरला कायमच्या राहायला गेल्या आणि जाताना स्वतःची पेटीही घेऊन गेल्या. बडनेऱ्याच्या महिला भजनी मंडळाचा सूरच गेला म्हणा ना! अकोल्याच्या भजन स्पर्धेला अजून बरेच महिने होते, पण दुसरी पेटीवाली काय झाडाला लागते? मंडळाच्या प्रमुख पार्बताबाई डोक्याला हात लावून बसल्या.

मागच्या रांगेत टाळ घेऊन बसणाऱ्या जमुनाच्या डोक्यात मात्र तेव्हाच किडा वळवळला. राजापेठेत भाजीच्या दुकानावर मेथी-पालक ओरडून ओरडून तिचा आवाज पार फाटला होता, त्यामुळे तिला गायला कुणी सांगत नसे. मागे बसायचं, टाळ वाजवायचे, आणि पेपरात फोटो आलाच तर त्यात अर्धं कपाळ शोधायचं. एकदा तरी पुढच्या रांगेत बसावं, एवढीच तिची हौस. ती तिने नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती.

घरी कपाटावर मुलाची, पियुषची, इलेक्ट्रिक गिटार धूळ खात पडली होती, लहानशा स्पीकरसकट. त्याची हौस कॉलेजातच फिटली; आता तो पुण्यात नोकरीला. त्याने घेतलेला व्हिडिओ कोर्सही अर्धाच पाहिलेला. जमुनाने फोनवर विचारलं तेव्हा पोरगं खो खो हसलं, पण कोर्स आईच्या मोबाइलवर लावून दिला, एवढं बरं केलं.

दुपारी दुकान आवरून आली की ती मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून समोर बसे. कोर्समधल्या सरांचा हात पडद्याच्या ज्या बाजूला हले, त्याच बाजूचा आपला हात ही चालवी. टीव्हीवर पाहून योगासनंही ती अशीच शिकली होती. एकच अडचण होती: सरांची जाड तार वर, हिची खाली. ती सरळ वाद्यांच्या दुकानात गेली आणि तारा सरांसारख्या लावून मागितल्या. दुकानदाराला वाटलं, बाई डावखुरी असेल. त्याने मुकाट्याने तारा फिरवून दिल्या.

बोटांची सालटी निघाली, तरी ती हटली नाही. सर दर धड्याच्या शेवटी “बहुत बढिया” म्हणत, आणि हिला ते खरंच आपल्याला म्हटल्यासारखं वाटे. शेवटी स्पर्धेला आठवडा उरला असताना तिने मारुतीच्या देवळात, मंडळाच्या तालमीला, गिटार नेली आणि स्पीकरला जोडली. पहिलं भजन बरोब्बर सुरात बसलं. बाया चाटच पडल्या. मग पार्बताबाईंची नजर तिच्या हाताकडे गेली.

“जमुना, डाव्या हातानं वाजवून रायली का व तू?”

“सर असेच वाजवते, पार्बताबाई. पाहा ना मोबाइलात.”

मंडळातल्या सगळ्यात लहान गीतांजलीने मोबाइल पाहिला आणि तिला हसू आवरेना. “काकू, सर उजव्यानंच वाजवते! ते तुमच्याकडं तोंड करून बसले हायेत न. तुमी त्याईले आरशावानी पायलं.”

सगळ्या हसल्या. पार्बताबाई हसल्या नाहीत. डाव्या हाताने त्यांनी जन्मात कुणाला प्रसाद दिला नव्हता.

“देवाचं वाजवनं हाये हे. अकोल्याचे लोक काय म्हनतीन? असं कर, तू मागं बस, आमच्या लुगड्यायच्या आड. वाजव, पन हात दिसला नाई पायजे.”

उजव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून शिकायला वेळच नव्हता. आडोशाला बसून वाजवलं असतं तर मंडळाचं काम भागलं असतं; तिचं नाही. जमुनाने स्पीकरची पिन काढली.

“लपून नाई वाजवत मी. मागंच बसाचं असन तं माये टाळ बरे. इतके साल मागं बसली, कोनाले काई म्हनलं नाई. बोटं सोलून घेतली ते पुढं बसासाठी.”

असं ती आयुष्यात कुणाला बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिचं तिलाच रडू आलं. तालीम तशीच मोडली.

स्पर्धेच्या सकाळी गाडी जमुनाच्या दारात थांबली. ती टाळ घेऊन बाहेर आली तशी पार्बताबाईंनी खिडकीतून डोकं काढलं.

“ते कुठी हाये?”

“काय?”

“तुयं उलटं गिटार. आन ते. टाळ गीतांजलीपाशी दे.”

गाडी अकोल्याला पोचली. स्टेजवर जमुना सवयीने मागेच जाऊन बसली. भजनाआधी पार्बताबाई सगळ्या वाद्यांना कुंकू लावत, तसं त्यांनी मृदंगाला लावलं, खंजिरीला लावलं. गिटारपाशी आल्या तेव्हा जमुनाचा जीव टांगणीला लागला. पार्बताबाईंनी गिटारला कुंकू लावलं. मग तेच कुंकवाचं बोट जमुनाच्या डाव्या हातालाही टेकवलं.

“इथं मागं काय करून रायली? चाल पुढं. न मान वर ठेव. लोकं तोंड पायतीन तं हात कोन पायते?”

त्यांनी स्वतः सरकून आपल्याशेजारी जागा केली. जमुना तिथे बसली, गिटार मांडीवर घेतली आणि वर पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांसमोर कुणाची पाठ नव्हती.