वडिलांचा धंदा

शोभनाला जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हा कुठे गुरुनाथ नूलकरांनी तिचे बूट कपाटातून बाहेर काढले. साड्या त्यांच्या मुलीने, आसावरीने, मागेच टेक्सासला, फ्रिस्कोच्या आपल्या घरी नेल्या होत्या. पण आसावरीचा पाय आईपेक्षा मोठा, म्हणून बूट-चपलांचे अकरा जोड तसेच पडून होते. न्यू जर्सीत, एडिसनच्या लायब्ररीत एक कागद लावलेला त्यांनी पाहिला होता : शूमेकर्स सोसायटी, स्थापना १८३४, चांगल्या स्थितीतले बूट स्वीकारतो. पत्ता पंचवीस मिनिटांवरच्या एका जुन्या गावातला होता. गुरुवारी सकाळी ते खोकं गाडीत घालून निघाले.

विटांची दुमजली इमारत. सोसायटीच्या अध्यक्ष लोरेन, सत्तरीच्या, उंच बाई, त्यांनीच दार उघडलं. खोकं घेताना त्यांनी सवयीने माहिती सांगितली. एके काळी या गावात दीडशे घरांत बूट शिवायचं काम चाले. कुणी गेलं तर त्याला पुरायचं, त्याच्या बायकोला हिवाळ्याचं सरपण द्यायचं, एवढ्यासाठी त्या लोकांनी ही सोसायटी काढली. पुढे कारखाने आले, कारखानेही गेले. बूट शिवणारा एकही उरला नाही, सोसायटी मात्र राहिली. आता दर थंडीत शाळांमधल्या गरजू मुलांना बूट देतात. शिवाय ज्यांचा एक पाय आखूड आहे, पाऊल वाकडं आहे, त्यांचे बूट त्यांच्या पायाप्रमाणे बदलून देतात, फुकट.

"म्हणजे देत होतो," लोरेन म्हणाल्या. "आमचा सॅल मार्चमध्ये गेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. त्याच्यासारखं काम करणारं कुणी मिळत नाही."

मागच्या खोलीत खिडकीखाली सॅलचा बाक होता. बाकावर बुटांचे जोड ओळीने मांडलेले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. गुरुनाथ दारातच थांबले. कातड्याचा, डिंकाचा, मेणाचा वास आला. पंचावन्न वर्षांत तो त्यांच्या नाकात गेला नव्हता.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" लोरेननी विचारलं.

"नाही, नाही. मी निघतो."

गुरुनाथांचे वडील धोंडिबा गडहिंग्लजजवळ नूल गावात चपला शिवत. गुरुनाथ आठव्या वर्षापासून त्यांच्यासमोर बसून कातडं कापत, सोळाव्या वर्षापर्यंत. मग स्कॉलरशिप मिळाली, हॉस्टेल मिळालं, तिथल्या मास्तरांनी गावावरून आडनाव लावून दिलं. पुढे इंजिनिअर होऊन ते न्यू जर्सीत आले. इथे नूलकर म्हटलं की मराठी माणसं आपापल्या मनाने काय ते समजून घेत. गुरुनाथांनी कधी कुणाचा समज दुरुस्त केला नाही. मंडळात कुणी फार खोलात शिरू लागलं, की शोभना हसून विषय बदलायची. ती त्यांच्याच समाजातली, सांगलीची. रात्री जेवताना दोघं आपल्या घरांबद्दल, माणसांबद्दल बोलत. आसावरी खोलीत आली की थांबत. मुलीला या ओझ्याशिवाय वाढू दे, असं दोघांनी ठरवलं होतं. आता शोभना नव्हती. ज्या एका माणसाशी ते खरं बोलत, तेच गेलं होतं.

पुढच्या गुरुवारी ते पुन्हा सोसायटीत गेले. या वेळी द्यायला काहीच नव्हतं.

"मला ती खोली पाहायची आहे," ते लोरेनना म्हणाले. "एखाद्या बुटावर हात चालवून बघू का?"

त्यांनी पहिली चिठ्ठी वाचली. डेनिस, उजवा पाय दीड इंच आखूड. त्यांनी बुटाचा तळ सोडवला. सॅलची रापी, ती रुंद पात्याची सुरी, उचलून दगडावर घासली. कातड्याचे थर टाचेशी जाड आणि पुढे पातळ होत गेले पाहिजेत, नाहीतर माणूस अडखळतो. पहिला थर त्यांनी फुकट घालवला. दुसरा थर अंगठ्याखाली दाबला, रापी तिरकी धरली, आणि कातडं कागदासारखं सुटत गेलं. बोटांना सगळं येत होतं. त्यांचे डोळे भरून आले, म्हणून ते थोडा वेळ खिडकीकडे तोंड करून बसले.

डेनिस शाळेची बस चालवायची. पुढच्या आठवड्यात तिने बूट घातले, हॉलच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"माझी कंबर सरळ आहे," ती म्हणाली. "मार्चपासून पहिल्यांदाच सरळ आहे."

ती गेल्यावर लोरेननी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी," गुरुनाथ म्हणाले. "ते हेच काम करायचे. त्यांचे वडीलसुद्धा."

अमेरिकेत आल्यापासून हे वाक्य त्यांनी घराबाहेर कधी उच्चारलं नव्हतं. लोरेनचा चेहरा आनंदाने फुलला.

"तीन पिढ्या! अहो, मग तुम्ही आमचे सभासद व्हायलाच हवं. आमच्यात सगळे वकील नाहीतर शिक्षक. सॅलनंतर सभासदांच्या वहीत खरा शूमेकर नाही. ऑक्टोबरमध्ये वार्षिक जेवण असतं, रविवारी दुपारी. तेव्हा सगळ्यांसमोर सही करायची. घरच्यांनाही आणा."

घरच्यांना आणायचं तर आधी सांगायला हवं होतं. त्या रविवारी संध्याकाळी आसावरीचा नेहमीचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. नूल, आजोबा, हॉस्टेल, आडनाव.

"आईला माहीत होतं?" तिने विचारलं.

"आई आपल्यातलीच."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी बेचाळीस वर्षांची आहे, बाबा."

"सगळ्यांना नाही गं. आम्हा दोघांनाच."

"मला काही प्रॉब्लेम नाहीये. रिअली. मला उलट..." ती थांबली. तिने आवाज खाली आणला. "पण यतीनच्या आई इथेच आमच्याकडे राहतात. त्या किती ओल्ड-फॅशन्ड आहेत तुम्हाला माहीत आहे. लग्नाच्या वेळी त्यांनी विचारलं होतं, तेव्हा आई काय म्हणाली होती?"

"आईने विषय बदलला होता."

"मला नाही येत तसं बदलायला. बाबा, तुम्ही सही करा, नक्की करा. फक्त त्याचे फोटो कुठे टाकू देऊ नका. प्लीज. आणि ऑक्टोबरमध्ये मला नाही जमणार, अनयाच्या एक्झाम्स आहेत."

"असू दे," गुरुनाथ म्हणाले. तिला राग येईल, ती रडेल, असं त्यांना वाटलं होतं. ती त्यांच्यासारखीच वागेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

जेवणाला साठेक माणसं होती. गुरुनाथांनी शोभनाने घेतलेला निळा कोट घातला होता. लोरेननी मोठी वही उघडून दिली. नाव, वडिलांचं नाव, वडिलांचा धंदा, असे रकाने. आधीच्या पानांवर जवळपास दोनशे वर्षांतली नावं होती, आणि शेवटच्या रकान्यात पुन्हा पुन्हा तोच एक शब्द. त्यांनी लिहिलं : गुरुनाथ. धोंडिबा. शूमेकर. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी येऊन हात मिळवला, कोल्हापुरी चपलांबद्दल विचारलं. फोटो नको, असं त्यांनी लोरेनना आधीच सांगितलं होतं. लोरेननी कारण विचारलं नाही. मग चिकन आलं आणि टेबलावर बेसबॉलच्या गप्पा सुरू झाल्या.

गुरुनाथ हसतमुखाने ऐकत होते. ही सगळी भली माणसं होती. पण त्या एका शब्दापायी त्यांनी काय काय गिळलं होतं, हे इथल्या कुणाला कळणार नव्हतं. ज्यांना कळलं असतं, त्यांतलं कुणीही इथे नव्हतं.

ते चार वाजता घरी पोचले. सहा वाजता आसावरीचा फोन आला. टेक्सासमधली गरमी, नातीचा, अनयाचा मॅथ्सचा पेपर, त्यांची बीपीची गोळी. जेवणाबद्दल तिने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मागे कुठेतरी तिच्या सासूबाईंचा टीव्ही चालू होता. बोलणं संपत आलं तेव्हा ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ते काम करताना हाताला लागत नाही ना? सुरी वगैरे असेल."

"नाही लागत. सवय आहे."

"तरी जपून करा."

"करतो," ते म्हणाले. तिने फोन ठेवल्यावरही ते थोडा वेळ तसाच कानाशी धरून बसले. मग उठून त्यांनी एकट्यापुरता भात टाकला.