एका गालाचं तेल

"काकू, गालाला नको हां," प्रिती म्हणाली आणि तिने चक्क माझं मनगट धरलं.

लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर तिची, माझ्या पुतणीची, हळद चालली होती. पाय, गुडघे, खांदे झाले, आंब्याचं पान गालाशी नेलं तर नवरीनेच हात अडवला. गाणी म्हणणाऱ्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. होणारी सासू माझ्याकडे बघत होती, जसं काही पोरीला मीच शिकवून ठेवलं होतं.

"काय गो, तोंडाला हळद नाय तर नवरी कसली?" मी म्हटलं.

"कपाळाला लाव ना. गालांना चाचणी संपेपर्यंत दुसरं काय लावायचं नाय. डॉक्टरांना शब्द दिलाय."

चाचणी परळच्या एका हॉस्पिटलात होती, आणि तेल आमच्या गावच्या उंडीच्या बियांचं. तेच, जे आम्ही दिव्याला घालतो आणि गुडघ्यांना चोळतो. त्याने मुरुम जातात का, ते बघायचं होतं. एका गालाला उंडीचं तेल, दुसऱ्याला साधं. दोन्हींचा रंग आणि वास सारखा केलेला. बाटल्यांवर फक्त 'डावी' आणि 'उजवी'. कशात काय आहे हे डॉक्टरीणबाईंनाही माहीत नव्हतं.

मला विचाराल तर हा सगळा रिकामटेकडा उद्योग होता. उंडीने मुरुम जातात हे मी छातीठोकपणे सांगत आले होते. पण चाळीत छातीठोकपणे सांगणारे कमी नव्हते. प्रिती शाळेत असल्यापासून तिच्या तोंडावर टूथपेस्ट झाली, लिंबू झालं, मुलतानी माती झाली. दादरच्या साड्यांच्या दुकानात ती साडी खांद्यावर टाकून दाखवायची तेव्हा गिऱ्हाईक साडी बघायचं. पण मालकाला तिचं तोंडच दिसलं. त्याने तिला आत फॉल-पिकोला बसवलं. घरी येऊन तिने मुकाट्याने भाकऱ्या थापल्या. त्या दिवशी मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

आणि आता लग्नाच्या तोंडावर तिचा डावा गाल लख्ख झाला होता, उजवा मात्र तसाच. मी गॅलरीभर मिरवले. "बघा, डाव्या बाटलीत उंडी!" तिलाही म्हटलं, "उजव्यालापण त्यातलंच लाव. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," ती म्हणाली. "श्रेयाला आता पुटकुळ्या यायला लागल्यात. तिच्यावर पण सगळी चाळ हात साफ करणार? एकदा तरी कोणी तपासून सांगू दे."

श्रेया तिची धाकटी बहीण. आता हळदीतही तिचा तोच हट्ट. कपाळाला हळदीचं बोट टेकवलं आणि पान ताटात ठेवलं. राग आला होता, आणि पोरीचा अभिमानही वाटत होता.

लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, मान थोडी उजवीकडे. डावी साइड मस्त येतेय." प्रितीने मान हलवली नाही. शेजारी उभा असलेला नवरा, अजित, म्हणाला, "समोरूनच काढ रे. आम्ही समोरच बघतोय."

चाचणीतल्या सगळ्यांच्या तपासण्या संपल्यावर तिला बोलावणं आलं. मी हट्टाने सोबत गेले. जिंकायलाच गेले म्हणा ना. कुठल्या बाटलीत काय, ते लिहिलेलं बंद पाकीट डॉक्टरीणबाईंनी फोडलं, वाचलं आणि हसल्या.

"तुझ्या डाव्या बाटलीत साधं तेल होतं, प्रिती. उंडी उजवीत."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. बाई समजुतीने म्हणाल्या, "एकीवरून काही ठरत नाही, काकू. सगळ्यांचं मिळून बघायचंय अजून."

"पण त्यात माझं आहे तसंच धरणार ना?" प्रितीने विचारलं.

"तसंच."

"मग झालं," ती म्हणाली आणि पर्स उचलली. अख्खं लग्न तिने तो उजवा गाल घेऊन काढलं होतं, आणि आवाजात कुठे कुरकुर नव्हती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. वयाने अडवलं.

संध्याकाळी घरी दिवा लावायला फळीवरची उंडीची बाटली काढली. श्रेया आली होती, हनुवटी चाचपत.

"काकू, मी लावू हे? जातील?"

मी बाटलीचं बूच काढलं.

"अजून ठाऊक नाय गो," मी जन्मात पहिल्यांदा म्हटलं.

तेल समईत ओतलं, वात सारली. समोरच्या भिंतीवर लग्नाच्या फोटोतली प्रिती दोन्ही गालांनी समोर बघत होती.